जेफरसनचे कुराण आणि उमरची कोठडी

दर काही महिन्यांनी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून येतो : अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे कुराण होते! मामू तो टाकतात आणि खाली दहा-बारा ‘माशाअल्लाह’ पडतात. गोष्ट खरी आहे. १७६५ मध्ये, कायद्याचा अभ्यास करत असताना, जेफरसनने जॉर्ज सेलचा इंग्रजी अनुवाद विकत घेतला होता. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी त्याच प्रतीवर हात ठेवून शपथेचा फोटो काढला. पण मला आताशा या फॉरवर्डचा कंटाळा येतो. आपला अभिमान सुखावतो आणि विषय तिथेच संपतो.

त्यापेक्षा ३० जुलै १७८८ हा दिवस मला महत्त्वाचा वाटतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या हिल्सबरो गावात नवे संविधान स्वीकारायचे की नाही, यावर अधिवेशन चालू होते. संविधानाच्या सहाव्या कलमात म्हटले होते की केंद्राच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट नसेल. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. खुद्द नॉर्थ कॅरोलिनाच्या १७७६ च्या घटनेत पदासाठी प्रोटेस्टंट असण्याची अट होती. हेन्री ॲबट या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने लोकांच्या मनातली भीती मांडली : उद्या मूर्तिपूजक आणि मुसलमान पदांवर बसले तर? विल्यम लँकेस्टर तर म्हणाले की चार-पाचशे वर्षांनी काय होईल कोण जाणे, राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर कॅथलिक किंवा मुसलमानही बसू शकेल. सभागृहात एकही मुसलमान नव्हता, तरी चर्चा आपल्यावर चालली होती.

उत्तर दिले जेम्स आयर्डेल या वकिलाने. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांचा मुद्दा असा : ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण स्वतः भांडतो, ते मोडल्याशिवाय कोणत्याही गटाला बाहेर ठेवता येणार नाही. इथवर वाचले की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण आयर्डेल यांनी पुढे असेही सांगितले की आपल्याहून फार वेगळ्या धर्माच्या माणसाच्या हाती लोक आपले हक्क सोपवतील, असे मानायचे कारण नाही. म्हणजे दार उघडे ठेवू, कारण तुम्ही येणार नाही याची आम्हाला खात्री आहे.

हे वाचताना मला भाड्याने फ्लॅट शोधत फिरलो ते दिवस आठवले. “नियम काही नाही हो, पण सोसायटीतल्या लोकांना आवडत नाही.” नियम नसणे आणि जागा मिळणे यांत किती अंतर असते, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको.

हिल्सबरोत संविधान मंजूर झाले नाही. ते पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १७८९ मध्ये, त्याच राज्यातल्या फेएटव्हिल गावी मंजूर झाले. धर्माची अट नसलेले कलम आता तिथेही लागू होते. सुमारे वीस वर्षांनी याच गावाच्या तुरुंगात एक मुसलमान बंद होता. त्याचे नाव उमर इब्न सईद. आजच्या सेनेगलमधल्या फुता तोरोचा हा माणूस पंचवीस वर्षे शिकलेला होता. १८०७ मध्ये त्याला चार्ल्स्टनच्या बंदरात आणून विकले. क्रूर मालकाकडून पळून तो फेएटव्हिलला पोहोचला आणि पकडला गेला. कोठडीच्या भिंतींवर त्याने अरबी लिहिले म्हणून लोकांचे त्याच्याकडे लक्ष गेले, असे सांगतात. तिथून त्याला दुसरा मालक मिळाला, सुटका नाही. १८३१ मध्ये त्याने अरबीत आत्मचरित्र लिहिले. सुरुवातीला त्याने आठवणीतून सूरह मुल्क उतरवली आहे. मुल्क म्हणजे सत्ता, मालकी. कुणाची मालकी खरी, हे गुलामाने मालकाच्या घरात बसून लिहिले! नंतर तो माफी मागतो की माझी भाषा आणि अरबी दोन्ही बरेचसे विसरलो आहे. त्याने पुढे बाप्तिस्मा घेतला होता. तो मनाने कुठे होता यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तो गुलामीतच वारला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कधीच येणार नाही अशा इनपुटसाठी टेस्ट लिहितो आणि खुश होतो. मग लॉग उघडल्यावर कळते की ते इनपुट कित्येक वर्षे येतच होते, फक्त कुणी मोजत नव्हते. हिल्सबरोत चारशे वर्षांनंतरच्या मुसलमानाची चर्चा झाली, पण आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांत मुसलमान तेव्हाही होते. आयुबा सुलेमान दियालो १७३० च्या दशकातच मेरीलँडच्या तंबाखूच्या मळ्यात राबला होता. १७९० च्या जनगणनेत देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. जेफरसननेही आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

आणि एकतर्फी बोलायला नको. १७८५ मध्ये अल्जिअर्सच्या मुस्लिम सत्तेने अमेरिकी जहाजे पकडून खलाशांना गुलाम केले होते.

मग त्या काळातले कोण आठवावे? मी जॉन लेलँड सुचवीन. हा बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. व्हर्जिनियात बॅप्टिस्टांना प्रवचन दिले म्हणून तुरुंगात टाकत, अशा जमातीतला. त्याने फक्त बॅप्टिस्टांसाठी सवलत मागितली नाही. ज्यू, तुर्क, मूर्तिपूजक, ख्रिस्ती सर्वांना सारखे स्वातंत्र्य हवे असे लिहिले. तुर्क म्हणजे त्या काळच्या भाषेत मुसलमान. १७८९ मध्ये त्याच्याच पुढाकाराने व्हर्जिनियाच्या बॅप्टिस्टांनी गुलामगिरीविरुद्ध ठराव केला. आपल्याकडे हक्काचा प्रश्न निघाला की ‘आपल्या लोकांचे काय’ एवढेच विचारले जाते. तलाकपीडित बहिणीचा, पसमांदा कारागिराचा, शेजारच्या दलित वस्तीचा प्रश्न आला की आपली निवेदने पातळ होतात. मीही अशा निवेदनांवर सह्या केल्या आहेत.

परवा तो फॉरवर्ड पुन्हा आला. मी खाली उमरच्या हस्तलिखिताच्या पानाचा फोटो टाकला. मूळ हस्तलिखित आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. मामूंनी विचारले, “हा कोण, बेटा?” टाइप करत बसण्यापेक्षा मी त्यांना फोनच लावला.