आधी तुमची चाल : एका सामाईक गायनमंडळाचा जाहीरनामा

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सर्व ख्रिस्ती भावाबहिणींसाठी.

मयतीला आपण सगळ्यांनी हे अनुभवले आहे. सून कॅथलिक घरातली, सासर सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे). कबरीपाशी दोन्हीकडची माणसे उभी असतात. एक बाजू गाणे धरते. दुसऱ्या बाजूला शब्द पाठ असतात, पण त्यांची चाल निराळी. दोन ओळी ओढाताण होते आणि मग एक बाजू गप्प होते. माती पडेपर्यंत ती गप्पच राहते.

हा जाहीरनामा त्या गप्प राहण्याविरुद्ध आहे.

आम्ही सी.एन.आय.चे आहोत, कॅथलिक आहोत, मुक्तिफौजेचे (सॅल्व्हेशन आर्मीचे) आहोत, घरोघरी भरणाऱ्या नव्या संगतींचेही आहोत. आमच्यातले मतभेद खरे आहेत आणि ते गाण्याने मिटतील असे आम्ही म्हणत नाही. पण त्यातले किती आम्ही स्वतः निवडले? १८३१ साली अमेरिकन मिशनरी नगरला आले. पुढे अँग्लिकन आले, जेजुइट आले, मुक्तिफौज आली. कोणत्या गावात आधी कोण पोचले, यावर आपल्या पणजोबांची मंडळी ठरली. ओढ्याच्या अलीकडे उपासना आणि पलीकडे मिस्सा, एवढाच पुष्कळदा फरक.

गाण्याचा वारसा मात्र असा वाटलेला नाही. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेजुइटाने गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली छापलेल्या त्या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. कवी ना. वा. तिलकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. नगरला राहून त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे आणि कीर्तनाचे वळण दिले. आज त्यांची पदे वगळली तर ‘उपासनासंगीत’ हे आपले गीतपुस्तक किती बारीक होईल! १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. मग बाप्तिस्मा घेतलेल्यांनी एका सतरंजीवर बसायला काय हरकत आहे?

चर्चचे ऐक्य सोपे नसते, हे आम्ही जाणतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. आम्ही चाळीस वर्षे मागत नाही. आठवड्यातून दोन तास मागतो.

म्हणून आम्ही ठरवतो :

१. आधी दुसऱ्याची चाल. एकाच गाण्याच्या दोन चाली असतील, तर प्रत्येकाने आधी परकी चाल शिकायची. आपली चाल कुणी विसरायची नाही. कोणती चाल ‘खरी’, हा प्रश्न तालमीत विचारायचा नाही.

२. सुरुवात स्तोत्रांपासून. दीडशे स्तोत्रे सगळ्यांच्या पवित्र शास्त्रात आहेत. त्यांना नव्या चाली बांधू, म्हणजे त्या कुणाच्याच जुन्या नसतील.

३. जीभ वळत नसेल तर सक्ती नाही. पवित्र मरियेचे गीत कुणाला गाता येणार नाही, मुक्तिफौजेचे संचलनगीत कुणाला रुचणार नाही. त्याने त्या गाण्यापुरते थांबावे. थांबणाऱ्याकडे कुणी वळून बघू नये.

४. प्रभुभोजन आपापल्या ठिकाणी. त्याबाबत प्रत्येक मंडळीची शिस्त आहे आणि आम्ही ती मोडणार नाही. हे मंडळ म्हणजे नवे चर्च नव्हे.

५. पेटी-तबला आणि चार आवाज, दोन्ही. ज्याला स्वरलिपी वाचता येते त्याने भजनाचा ठेका शिकावा. ज्याला नुसत्या कानाने गाता येते त्याला आल्टो, टेनर समजावून सांगावे. दोघांतला कुणीही अडाणी नाही.

६. जमिनीचे, ट्रस्टचे आणि कोर्टाचे वाद चपलांबरोबर बाहेर. खर्चाची वर्गणी सर्वांना सारखी, हिशेब दर महिन्याला भिंतीवर.

७. तालीम कुठल्याही चर्चमध्ये नाही. शाळेचा रिकामा वर्ग पुरे. कार्यक्रम मात्र आळीपाळीने प्रत्येकाच्या दारात, आणि पहिला १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहात.

मंडळाला अजून नाव नाही. जे नाव सुचते ते आधीच कुठल्या तरी चर्चच्या पाटीवर असते. सहा महिने एकत्र गाऊ, मग नाव ठेवू. तोवर लोक ‘ते सगळे मिळून गाणारे’ म्हणाले तरी चालेल.

पाळकांना आणि फादरांना विनंती एवढीच : आशीर्वाद द्या, आणि जमले तर मागच्या ओळीत उभे राहून गा.

पहिल्या तालमीला येताना पुस्तक नसले तरी या. शब्द पाठ आहेत पण शेजारच्या चर्चची चाल येत नाही, असे एक गाणे मनात घेऊन या. ते शिकवायला शेजारी तिथे असेल. पुढच्या वेळी कबरीपाशी कुणी गाणे धरले, की पहिल्याच ओळीवरून चाल ओळखू आणि तीच उचलू.