पुल्ड पोर्क खाणाऱ्यांनो, डबा घेऊन जा

मेमोरियल डेच्या वीकएंडला मी साडेतीन-साडेतीन किलोचे डुकराचे दोन खांदे चौदा तास धुरावर शिजवले. नॉर्थ कॅरोलायनात, रालेजवळच्या कॅरी गावात, भाड्याच्या टाउनहाउसच्या मागच्या अंगणात. अकरा जण जेवायला होते, त्यातले नऊ मराठी. सगळ्यांनी मनापासून हाणलं. एकाने तीनदा बन भरून घेतला आणि 'हे तू रेस्टॉरंट काढून विकायला पाहिजेस' असं तीनदा सांगितलं.

इथल्या मराठी पार्ट्यांचा एक अलिखित नियम आहे. निघताना उरलेलं वाटायचं. दह्याच्या रिकाम्या डब्यात छोले, झिपलॉकमध्ये पुऱ्या, फॉइलमध्ये केक. कुणी नाही म्हणत नाही, म्हटलं तरी ते खरं नसतं. त्या रात्री दोन किलोच्या वर मांस उरलं होतं. मी डबे भरले आणि दारात उभा राहिलो. नऊपैकी आठ जणांनी घेतले नाहीत. 'नको रे, घरी नको.' 'आई आलीये पुण्याहून.' 'आमच्या फ्रीजमध्ये नैवेद्याचं असतं.' 'भांड्याला लागतं ते.' तीनदा बन भरणारा म्हणाला, 'बाहेर ठीक आहे यार, घरात आपण नाही आणत.'

भांडण त्या वाक्याशी आहे. जे धर्माने डुक्कर खात नाहीत किंवा मुळात मांसच खात नाहीत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. ते जेवायलाच आले नव्हते किंवा आले आणि कणीस खाऊन गेले, विषय संपला. मी बोलतोय बोटं चाटून खाणाऱ्यांबद्दल.

आधी स्वयंपाकाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खांदा हा जनावराचा राबणारा भाग. त्यात कोलॅजन भरपूर, म्हणून पटकन शिजवला तर चामडं. साधारण १०७ अंश सेल्सिअसच्या धुरात ठेवला की ते कोलॅजन सावकाश विरघळून जिलेटिन होतं, आणि आतलं तापमान ९५ अंशांच्या आसपास गेलं की हाड नुसतं ओढून बाहेर येतं. पण मध्ये, ७० अंशांच्या आगेमागे, काटा अडकतो. तीन तास, चार तास, हलत नाही. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि जेवढी उष्णता आत शिरते तेवढीच बाहेर जाते. घाम आलेल्या माणसाला वाऱ्यात गार वाटतं, तेच हे. इथे त्याला 'स्टॉल' म्हणतात. नवशिके इथेच घाबरून आंच वाढवतात. मला पहाटे चारला फोनवर अलर्ट आला, कारण माझा थर्मामीटर वायफायवर आहे. मी गादीतच कूस बदलून ग्राफ पाहिला आणि परत झोपलो. सकाळी उठून चौदा तास 'मी' शिजवलं असं सांगायला मोकळा.

या राज्यात हेच काम शेकडो वर्षं माणसांनी जागून केलं. जमिनीत चर खणायचा, लाकडं वेगळी जाळून निखारे करायचे, ते फावड्याने रात्रभर अख्ख्या डुकराखाली सरकवत राहायचे. गुलामगिरीच्या काळात हे काम प्रामुख्याने काळ्या गुलामांचं होतं आणि कौशल्यही त्यांचंच. व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरचीचं जे पातळ सॉस इथल्या पूर्व भागात मांसावर शिंपडतात, ते त्यांच्या हातून घडलं. टीव्हीवर मात्र कित्येक वर्षं बार्बेक्यूचा चेहरा म्हणून दाढीवाला गोरा गडी दिसत राहिला. साउथ कॅरोलायनाच्या रॉडनी स्कॉटला २०१८ साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं. अकरा वर्षांचा असताना त्याने पहिलं अख्खं डुक्कर शिजवलं होतं.

आता डब्याकडे येतो. साउथ कॅरोलायनात पिगी पार्क नावाची बार्बेक्यूची साखळी होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरही ती काळ्या गिऱ्हाइकांना बसू देत नसे. त्यांनी किचनच्या खिडकीशी जायचं, ऑर्डर द्यायची, पुडकं घ्यायचं आणि चालू पडायचं, आवारात खायचं नाही. मालकाने कोर्टात सांगितलं की वर्णमिश्रण माझ्या धर्मश्रद्धेच्या विरुद्ध आहे. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या विरोधात दिला आणि हा धर्माचा बचाव दखल घेण्याच्याही लायकीचा नाही अशा अर्थाची टिप्पणी केली. तिथे नियम होता, घरी न्या पण इथे खाऊ नका. माझ्या दारातल्या मंडळींनी तो फक्त उलटा केला, इथे खाऊ पण घरी नेणार नाही. दोन्हीकडे मांस तेच आणि चवीबद्दल कुणाचीच तक्रार नाही. प्रश्न फक्त कुठली रेघ कोणी ओलांडायची, हा.

आपल्याकडे ही रेघ कोणी आखली हे सांगायला इतिहासकार लागत नाही. महाराष्ट्रातल्या गावांत डुकरं पाळली कोणी? कैकाडी, वडार अशा समाजांतल्या कुटुंबांनी, आणि त्यांची वस्ती कुठे होती हे गावाकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ साली आलं, मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर. मोठं जनावर एका दिवसात संपत नाही आणि फ्रीज नाही, म्हणून मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. उरलेलं कसं टिकवायचं याचं ते शास्त्रच आहे. पण तेच अमेरिकन माणसाने 'जर्की' म्हणून पाकिटात भरलं की आपण एअरपोर्टवर आठ डॉलरला घेतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'इथली डुकरं स्वच्छ असतात. आपल्याकडची काय खातात बघितलंयस का?' बघितलंय. इथलंही बघा, कॅरीहून दीड तासावर. सॅम्प्सन आणि डुप्लिन या दोन काउंट्यांत माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त. शेडमधली सगळी घाण उघड्या तळ्यांत साठवतात आणि तिथून शेतांवर फवारतात. शेजारी राहणारे बरेचसे काळे, गरीब. त्यांना दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत, खिडक्या उघडता येत नाहीत. ते कोर्टात गेले आणि २०१८ साली ज्युरींनी त्यांच्या बाजूने निकाल दिले. त्यामुळे स्वच्छतेचा मुद्दा असेल तर तो नीट मांडा. स्वच्छ आहे ते पॅकिंग.

आता माझी पाळी, कारण मी कुठल्या उंच जागेवरून बोलत नाहीये. त्या दिवशी मी फोटो टाकला, त्याखाली लिहिलं 'लो अँड स्लो'. मराठीत 'डुकराचं मटण' लिहायला बोट वळलं नाही. आईचा फोन आला. काय केलंस रे? बार्बेक्यू. म्हणजे काय? म्हणजे चिकनच, धुरावरचं. सत्तावीस वर्षांचा माणूस, हजारो किलोमीटरवरून, दोन्ही हात सॉसने बरबटलेले, आणि थाप मारतोय.

आणखी एक. चौथीत आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरी डुकरं होती. मधल्या सुट्टीत आम्ही गोल करून बसायचो आणि एकमेकांच्या डब्यात हात घालायचो. त्याच्या डब्यात कधीच कुणी घातला नाही, मीसुद्धा. त्यात बहुतेक दिवशी भाकरी आणि चटणीच असायची, आम्हाला ते दिसत होतं. तरी नाही. बाईंनीही कधी काही म्हटलं नाही. दारात मी डबे धरून उभा होतो तेव्हा मला तो आठवला असं म्हटलं तर खोटं होईल. तो दोन दिवसांनी आठवला, उरलेलं तव्यावर परतताना.

त्या उरलेल्याचं काय करायचं तेही सांगतो, नाहीतर हा लेख वाचून कुणी मांस फेकून द्यायचं. चार दिवसांच्या आत संपवायचं, नाहीतर खाली जमलेल्या रसासकट पिशवीत चपटं करून फ्रीजरमध्ये. रस टाकू नका, सगळा ओलावा त्यातच आहे. गरम करताना झाकण ठेवून, थोडं व्हिनेगर मारून, मंद आंचेवर. मायक्रोवेव्हमध्ये दोरखंड होतो. इथले लोक ब्रन्सविक स्ट्यूमध्ये टाकतात, टोमॅटो, मका आणि पावट्यासारख्या लायमा बीन्सबरोबर. साउथ कॅरोलायनात भातावर घालायचा 'हॅश' असतो, तो मुळात डुकराचं डोकं, काळीज असल्या, मालकाला नको असलेल्या भागांचा. गोव्याच्या सोरपोतेलचंही असंच, त्यातही काळीज आणि व्हिनेगर, आणि ते केल्या दिवशी खायचंच नसतं, मुरल्यावरच खरी चव येते. मी लोखंडी तव्यावर कांदा, कांदा-लसूण मसाला टाकून कडा कुरकुरीत होईपर्यंत परतलं आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लं. बनपेक्षा चांगलं लागतं, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. त्या गोड, मऊ बनमध्ये धूर हरवतो.

ज्या एकीने डबा नेला, तिने दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. वरण-भात आणि बाजूला हेच, लिंबू पिळून. घरी सासूबाई होत्या. त्यांनी विचारलं, हिने सांगितलं, त्या तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. भांडण झालं नाही, पण रविवारभर बोलणं बंद होतं. तिला तो डबा नेण्याची किंमत पडली, हे मला मान्य आहे. बाकीच्यांना ती द्यायची नव्हती, हेही समजतं. मला न पटणारी गोष्ट एवढीच की त्यांनी त्याला 'वास' म्हटलं, 'भांडी' म्हटलं, 'आई आलीये' म्हटलं.

आईला मी गेल्या रविवारी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, 'बाबांना सांगू नकोस.' मग विचारलं, 'भांडं वेगळं ठेवलंस ना?' नाही ठेवलं. तेही सांगितलं. तिने विषय बदलून पाऊस सुरू झाल्याचं सांगितलं.

फ्रीजरमध्ये अजून दोन पिशव्या आहेत, प्रत्येकी पाव किलोच्या. कॅरी-मॉरिसव्हिल भागात कुणाला हव्या असतील तर घेऊन जा. डबा परत आणून द्यायचा.