डाळीचे गिऱ्हाईक कोण?

सरकारी अनुदानाच्या अर्जास जोडावयाच्या प्रकल्प अहवालात ‘विपणन’ या नावाचे एक प्रकरण असते, आणि असे अहवाल वाचण्याचा योग ज्यांना वारंवार येतो त्यांच्या ध्यानात सहज येते की, अर्जदार पापड लाटणारा असो, मसाला कांडणारा असो वा डाळ भरडणारा असो, त्या प्रकरणातील वाक्ये मात्र ठराविकच असतात: मालास मोठी मागणी आहे, दर्जा उत्तम राखला जाईल, जिल्ह्यात व जिल्ह्याबाहेर विक्री केली जाईल. अर्ज लिहून देणाऱ्याने आपली मजुरी घेतलेली असते, कचेरीने सर्व रकाने भरले असल्याची खातरजमा केलेली असते, बँकेने कागदपत्रे तपासलेली असतात. माल कोण घेणार, केव्हा घेणार आणि पैसे केव्हा देणार, हा प्रश्न मात्र या सर्व हातांतून निसटून, यंत्र बसल्यावर एके दिवशी उद्योजकाच्याच पुढ्यात येऊन पडतो. माझे मत असे की, छोट्या धंद्याच्या विक्रीची योजना मालाच्या गुणवर्णनाने सुरू करणे हीच मुळात गफलत आहे. तिचा आरंभ गिऱ्हाइकाच्या घरी रोकड कोणत्या महिन्यात येते, या चौकशीने व्हावयास हवा.

केळापूर तालुक्यापुरते बोलावयाचे तर ही चौकशी अवघड नाही. (तालुका केळापूरचा, जगदंबेचे देऊळही केळापुरास, परंतु कचेरी आणि बाजारपेठ पांढरकवड्यास, वेष्टनावर पत्ता छापताना एवढे तरी ध्यानात ठेवावे, नाहीतर परगावचा व्यापारी देवीचे दर्शन घेऊन परत जावयाचा.) येथील पैसा मुख्यत्वे कापसाचा. शेतात सीतादही होऊन वेचणी सुरू झाली की दिवाळीच्या आगेमागे पहिली रोकड हाती येते, आणि ती माघ-फाल्गुनापर्यंत टप्प्याटप्प्याने येत राहते. पुढे लग्नसराई तिचा बराच भाग गिळते, मृगापूर्वी बियाणे आणि खत उरलेला भाग नेतात, आणि आषाढापासून पोळ्यापर्यंत घराघरांत जी ओढगस्त असते तिचे वर्णन करण्याची गरज या भागातील वाचकास नाही. गावच्या किराणा दुकानदारास हे सारे तोंडपाठ असते. प्रकल्प अहवालाच्या लेखकास ते ठाऊक नसते, किंवा ठाऊक असले तरी त्यासाठी रकाना नसतो.

उदाहरणादाखल एखाद्या महिला बचत गटाची लहानशी डाळ गिरणी घेऊ. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास असणे ही विदर्भाची जुनी रीत, आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ गिरणी विकसित केल्यापासून हा उद्योग गावपातळीवर आणणेही शक्य झाले आहे. क्विंटलभर तुरीतून सुमारे ७० ते ७५ किलो डाळ निघते. उरते ती चुनी आणि टरफल, ज्यास जनावरांच्या खाद्यासाठी गावातच गिऱ्हाईक मिळते. तूर घरात येते पौष-माघात, आणि तिला तेल-पाणी लावून वाळवावयाचे तर कडक ऊन पाहिजे, म्हणजे भरडण्याचे बहुतेक काम पावसाळ्यापूर्वी उरकावे लागते. डाळीची गरज मात्र वर्षभर असते, आणि पावसाळ्यात भाजीपाला महागला की ती अधिकच जाणवते. याचा अर्थ असा की, गटाचा पैसा ज्या काळात तुरीत अडकून पडलेला असतो, त्या काळात गावचे गिऱ्हाईक डाळ मागते खरे, पण उधारीवर.

आता गिऱ्हाइकांची प्रतवारी करू. शेतकरी कुटुंब घरचीच तूर आणून भरडाई देते. तेथे नफा थोडा, परंतु भांडवल अडकत नाही. पांढरकवड्यातील शिक्षक, कारकून आणि इतर पगारदार यांच्या हाती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हमखास रोकड असते. त्यांच्या दृष्टीस मात्र बाजारातील चकचकीत फटका डाळ सरावलेली, आणि गावगिरणीची डाळ तिच्याशेजारी अंमळ फिकी दिसते. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील ढाबेवाले पोत्याने घेतील, परंतु भाव पाडून मागतील आणि पैशांसाठी फेऱ्या घालावयास लावतील. पैनगंगेपलीकडे तेलंगणात डाळ हे रोजचे अन्न, आणि पाटणबोरीच्या बाजूस तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ. तिकडे विक्री करावयाची तर वेष्टनावर दोन ओळी तेलुगूत असणे हा शिष्टाचाराचा भाग समजावा. टिपेश्वरचा वाघ पाहण्यास येणारे प्रवासी मात्र अशा योजनांत उगाच फार मोठी जागा अडवून बसतात. पावसाळ्यात अभयारण्याचे पर्यटन बंद असते, आणि सफारीस आलेला मनुष्य परतताना वर्षाची डाळ नेत नाही.

प्रवासी वगळता उरलेल्या चौघांत पगारदार घर हेच पहिले लक्ष्य असावे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यास फलकापेक्षा वानगीच उपयोगी. अर्धा पाव डाळ कागदी पुडीत बांधून, किती पाणी घालावे आणि किती वेळात शिजते एवढेच वर लिहून, गटातील एखाद्या बाईने ती पगाराच्या आठवड्यात दारोदार पोहोचविली आणि पुढच्या आठवड्यात तीच बाई मागणी नोंदविण्यास गेली, तर रंगाबद्दलची शंका पहिल्या वरणालाच फिटते. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरावरही प्रारंभी शेतकऱ्यांचा विश्वास नव्हता, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. त्या कारखान्याने १९२० साली सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक पुढे एक मान्यवर मासिक झाले. गिऱ्हाइकाशी त्याच्या शेताविषयी, त्याच्या संसाराविषयी बोलत राहण्याचा हा मार्ग आपल्याच प्रांतात शंभर वर्षांपूर्वी चोखाळला गेलेला आहे.

वऱ्हाडात कापूस आणि धान्य यांच्या बाजाराचा कायदा १८९७ साली झाला. देशातील तशा प्रकारचा तो पहिलाच मानला जातो. कच्चा माल विकणाऱ्यासाठी तजवीज इतकी जुनी, परंतु त्याच कच्च्या मालापासून पक्का माल करणाऱ्याच्या वाट्यास अहवालातील ती तीन वाक्ये! अन्नप्रक्रियेच्या २०२० पासूनच्या केंद्रीय योजनेत भांडवली खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान मिळते. बचत गटाच्या सभासदास खेळते भांडवल व लहान अवजारे यांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाचीही सोय आहे. यंत्रावर सर्वांचे लक्ष असते, कारण ते दिसते आणि त्याचे छायाचित्र काढता येते. धंदा तरतो किंवा बुडतो तो मात्र या खेळत्या पैशावर.

राहता राहिली उधारी. तिला व्यसन म्हणून हिणविण्यात अर्थ नाही. या मुलखात उधारी हीच खरी जाहिरात आहे, आणि जाहिरातीस जशी रक्कम मुक्रर करतात तशीच तीही मुक्रर केली पाहिजे. जमाखर्चात आरंभीच लिहून टाकावे की, ज्येष्ठ ते आश्विन एवढ्या किलोंपर्यंत डाळ गावात उधार जाईल, एका घरास अमुक किलोंच्या वर नाही, आणि वसुली कापसाचे पैसे येताच दिवाळीनंतर. ज्या घरी कपाशीच नाही, केवळ मजुरी आहे, तेथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पावशेर-अर्धा शेर रोखीने देण्याची सोय ठेवावी, म्हणजे त्या घराची पतही राहते आणि गटाचा पैसाही. हा बारा महिन्यांचा तक्ता एका पानावर मावतो. बँकेच्या शाखाधिकाऱ्याने अहवालातील विपणनाचे प्रकरण बाजूस ठेवून हे एक पान मागावे, आणि कर्जाचे हप्ते बांधताना श्रावणातील हप्ता हलका व पौषातील भारी, असे त्याच पानावरून ठरवावे.