वेशीचे दगड



पेरणीआधी बांधबंदिस्तीची कामे निघतात. ताल दुरुस्त करताना कधी तुमच्या हाताला शेतातला नसलेला दगड लागला आहे का? एक बाजू टाकीने साफ घडवलेली, एक टोक रुंद आणि दुसरे निमुळते, असा दगड निघाला तर तो कुठल्यातरी कमानीचा आहे असे समजा.

आमच्या शिवारात असे बरेच आहेत. ते आमच्या गावच्या वेशीचे. रस्ता रुंद करायचा म्हणून वेस उतरवली, तेव्हा दगड नीट ठेवायचे आणि पुढे बाजूला पुन्हा वेस बांधायची, असे ग्रामसभेत ठरले होते. ठरले ते कागदावर राहिले. दगड शाळेमागे ढिगाने पडले, आणि दोन पावसाळ्यांत कुणी पायरीला नेला, कुणी गोठ्याला, कुणी धुणे धुवायला. दोन मीही आणले, खोटे कशाला बोलू? आमच्या हौदाखाली टेकू म्हणून बसवले.

हे फक्त आपल्या खेड्यातच होते असे मानू नका. लंडनसारख्या शहरातही हेच झाले, आणि ते ऐकण्यासारखे आहे.

लंडनच्या युस्टन स्टेशनापुढे १८३७ साली एक प्रचंड दगडी दरवाजा उभा राहिला. लंडन ते बर्मिंगहॅम या रेल्वेची ती वेसच म्हणा ना. फिलिप हार्डविक या वास्तुकाराने ती आखली. उंची सुमारे सत्तर फूट. चार खांब, एकेक साडेआठ फूट जाडीचा. चौघांनी हाताला हात लावून कवेत घेऊ म्हटले तरी मावणार नाही. लोक तिला युस्टनची कमान म्हणत, पण गोल कमान तिथे नव्हतीच, खांबांवर आडवे दगड टाकलेले होते. दगड यॉर्कशायर भागातला, पूल आणि धक्के बांधायला वापरतात तसला चिवट.

पुढे स्टेशन नव्याने बांधायचे ठरले आणि कमान आड येऊ लागली. पाडू नका, बाजूला हलवा, असे सांगणारे पुष्कळ होते. कवी जॉन बेट्जमन त्यांत पुढे होते. हलवायचा अंदाज निघाला १,९०,००० पौंड, पाडायचा १२,०००. ऑक्टोबर १९६१ मध्ये मंडळी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांना भेटली, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर लवकरच पाडकाम सुरू झाले.

आता गंमत पाहा. पाडणारा ठेकेदार फ्रँक व्हॅलोरी स्वतःच हळहळला. दगडांवर नंबर घालतो, माझ्या खर्चाने ठेवतो, असे तो म्हणाला. तेही मान्य झाले नाही. थोडे दगड त्याने स्वतःच्या घराला वापरले. पुष्कळसे पूर्व लंडनमधल्या प्रेस्कॉट नावाच्या कालव्यात गेले. कालव्याच्या तळाला मोठा खड्डा पडला होता, तो या दगडांनी बुजवला. आपण ओढ्यातले भगदाड बुजवतो तसेच!

तीस वर्षे कुणाला पत्ता नव्हता. १९९४ साली डॅन क्रुकशँक या इतिहासकाराने ती जागा शोधून काढली आणि खांबाचा एक तुकडा पाण्याबाहेर काढवला. २००९ साली ऑलिंपिकच्या आधी तिथल्या जलमार्गांची कामे चालली असताना आणखी २९ दगड वर आले. दगडाला पाण्याने फारसे काही केले नव्हते. पण हा तुकडा कुठल्या खांबाचा, किती उंचीवरचा, हे आता मोजमाप घेऊन ताडत बसावे लागते. नंबर घालायचे तेवढे राहिले. कमान अजून उभी नाही.

म्हणून, तुमच्या गावची वेस, चावडी किंवा जुनी धर्मशाळा उतरवायची वेळ आलीच, तर काय करायचे ते सांगतो. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून हातच लावता येत नाही. ते आधी विचारा. मग चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. मोठ्या कागदावर चित्र काढा. खालच्या थराला अ, वरच्याला ब, आणि प्रत्येक थरात डावीकडून एक, दोन, तीन. ब-४ म्हटले की दगड सापडला पाहिजे. दर्शनी बाजूवर फक्त खडूने लिहा. दगड खाली आला की त्याच क्षणी, भिंतीत दडणाऱ्या बाजूवर ऑइलपेंटने नंबर घाला. संध्याकाळी घालू म्हणाल तर रात्री पाऊस येतो.

कमानीखाली आधी भक्कम लाकडी आधार द्या. माथ्यावरचा मधला दगड पहिला काढायचा, मग दोन्ही अंगांनी सारखे खाली यायचे. कमानीचा प्रत्येक दगड आपल्या जागेपुरताच घडवलेला असतो, शेजाऱ्याच्या जागी बसत नाही. यंत्राच्या बकेटने ओढू नका, कडा तुटतात. पोती गुंडाळून दोराने उतरवा. जुना चुना छिन्नीने सुटतो. सिमेंट सुटत नाही, ते दगडाचा टवका घेऊनच निघते. पुन्हा बांधताना गवंडी सिमेंटचा आग्रह धरील, ऐकू नका.

दगड जमिनीवर टाकू नका, लाकडी पट्ट्यांवर रचा. उकिरड्याजवळ आणि खताच्या पोत्यांजवळ तर मुळीच नको. ओलीबरोबर खार दगडात चढतो आणि वाळताना पापुद्रे सुटतात. नंबरांच्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, एक शाळेत. आणि एक कुणातरी चिकट माणसाच्या घरी.

आमच्याकडे वही नव्हतीच. गेल्या महिन्यात हौदाखालचे दोन्ही दगड मी काढले. दोन्हींच्या दडलेल्या बाजूवर पाथरवटाची एकच खूण निघाली, त्रिशूळासारखी. तीच खूण धरून गावात आणखी सात मिळाले. एका जुन्या लग्नाच्या फोटोत वऱ्हाडामागे वेस दिसते, त्यात कमानीचे दगड मोजले तर तेरा भरतात. म्हणजे चार राहिले. त्यातला एक माझ्या व्याह्यांच्या न्हाणीत आहे, आणि तो कसा मागावा हे अजून सुचलेले नाही.