गोळ्यांचा हिशेब चोख, शिशाचा कोरा

भारतात ज्या मोजक्या वस्तूंचा हिशेब नगानुसार ठेवावा लागतो त्यांत काडतूस अगदी वर आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम, २०१६चे शस्त्र नियम आणि २०१९ची दुरुस्ती हे सगळे एकापुढे एक ठेवून वाचले, तर प्रत्येक टप्प्यावर शासनाला एकच चिंता असल्याचे दिसते: शस्त्र आणि दारूगोळा भलत्या हाती जाऊ नये. परवान्यावर किती काडतुसे घेता येतील याला मर्यादा आहे, विक्रेत्याला नोंदवही ठेवावी लागते. २०१९मध्ये सामान्य परवानाधारकाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली गेली, नेमबाजांना मात्र सवलत राहिली. ही चिंता रास्त आहे आणि तिच्यात ढिलाई यावी असे कुणी म्हणू नये. पण हा हिशेब गोळी नळीतून सुटेपर्यंतच चालतो. सुटलेली गोळी पुढे आदळते, चेपते, फुटते, तिची बारीक भुकटी होते आणि ती भुकटी जमिनीवर, हवेत, मुलांच्या बोटांवर बसते. तिथपर्यंत आपल्या नियमांची नजर पोचत नाही. रेंजवरच्या शिशासाठीही नियम असायला हवेत आणि ते शस्त्राच्या नियमांइतकेच सक्तीचे असायला हवेत, हे या आठवड्यात मांडायचे आहे.

हे आत्ता मांडण्याचे कारण म्हणजे नेमबाजी हा आता महाराष्ट्रातल्या मुलांचा खेळ झाला आहे. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी वाट पाडली, तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोत विश्वविजेता झाला तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक घेतले आणि खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर ७२ वर्षांनी राज्याच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. अशा यशानंतर पालक मुलांना घेऊन रेंजवर येणारच. दहा मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही. शाळेचा हॉल, इमारतीचे तळघर, एखादी लांबट खोली पुरते. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात जूलची असते आणि २० जूलच्या आतल्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. म्हणजे सर्वांत लहान मुले ज्या रेंजवर येतात, तिथेच कायद्याची देखरेख सर्वांत कमी असते.

आता थोडे गणित करू. एअर रायफलचा एक पेलेट सुमारे ०.५३ ग्रॅमचा असतो आणि तो जवळजवळ सगळा शिशाचा. साठ फैरींच्या एका सामन्यात सुमारे ३२ ग्रॅम शिसे उडते, म्हणजे वाटते फार थोडे. पण सराव सामन्यापुरता नसतो. एका रेंजवर रोज वीस मुले येतात, प्रत्येक मूल शंभर पेलेट मारते आणि वर्षाचे अडीचशे दिवस सराव चालतो असे धरले, तर पाच लाख पेलेट होतात; म्हणजे एका बंद खोलीत वर्षाला २६५ किलो शिसे. पॉइंट टू टू रायफलची गोळी याच्या पाचपट, सुमारे २.६ ग्रॅमची. स्कीट या उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीच्या १२५ फैरींत, २४ ग्रॅमच्या काडतुसांनी, एक खेळाडू एका स्पर्धेत तीन किलो छर्रे मैदानावर टाकतो. तो प्रश्न माती-पाण्याचा आहे आणि स्वतंत्र लेखाचा आहे. इथे मला बोलायचे आहे ते बंद खोलीतल्या शिशाबद्दल, कारण तिथे माणसे श्वास घेतात.

शिसे शरीरात जाण्याच्या वाटा ठाऊक आहेत. पॉइंट टू टूसारख्या काडतुसात दारू पेटवणाऱ्या मिश्रणात सहसा शिशाचे संयुग असते. फैर झाली की त्याचा धूर नेमबाजाच्या तोंडासमोरच निघतो. पेलेटला दारू नसते, पण तो पोलादी सापळ्यावर आदळताना त्याचे बारीक कण उडतात. तिसरी वाट हातांची. पेलेट एकेक करून बोटांनीच भरावा लागतो. पाचशे पेलेटच्या डबीत दिवसभर बुडवलेली बोटे मग पाण्याच्या बाटलीकडे आणि डब्यातल्या पोळीकडे वळतात. त्यात आपल्या खोल्यांची भर पडते. छताचा पंखा खाली बसलेली धूळ पुन्हा वर काढतो. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, बाहेरची ताजी आत आणत नाही. संध्याकाळी कोरड्या झाडूने केर काढला की दिवसभरात बसलेले सगळे कण केर काढणाऱ्याच्या नाकातोंडाशी येतात. नेमबाज तासा-दोन तासांनी घरी जातो. प्रशिक्षक दिवसभर तिथेच असतो आणि सफाई करणारी व्यक्ती सर्वांत दाट धुळीत काम करते. या चर्चेत तिचे नाव कधी येत नाही, ते पहिले यायला हवे.

पुरावा काय, असे विचारले जाईल. २०१७मध्ये फायरिंग रेंजवरच्या शिशासंबंधीच्या ३६ संशोधन-लेखांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३१ लेखांमध्ये काही नेमबाजांच्या रक्तात डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे नोंदले गेले होते. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था मुलांच्या बाबतीत ३.५ मायक्रोग्रॅमलाच सावध होते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. म्युनिकच्या संशोधकांनी २००९मध्ये बंदिस्त रेंजवरच्या हौशी नेमबाजांचे रक्त तपासले तेव्हा एक उतरंडच समोर आली: फक्त एअर गन वापरणाऱ्यांत सर्वांत कमी, पॉइंट टू टूची जोड असणाऱ्यांत त्याहून जास्त, मोठ्या बोअरच्या पिस्तुलांत आणखी जास्त. ही माणसे कारखान्यात काम करणारी नव्हती, आवडीखातर खेळणारी होती.

याच अभ्यासाचा आधार घेऊन पहिला आक्षेप येतो: एअर रायफलवाल्यांत प्रमाण सर्वांत कमी असेल, तर आपल्या दहा मीटरच्या रेंजवर एवढी काळजी कशाला? आक्षेप वजनदार आहे. धोका समान नाही हे मान्यच करायला हवे. पॉइंट टू टूच्या बंद रेंजला जे उपाय लागतील ते सगळे एअर रायफलच्या खोलीला लागणार नाहीत. पण ते नेमबाज जर्मनीच्या क्लबांतले होते. आपल्या पंख्याखालच्या, कोरड्या झाडूच्या खोलीला त्यांचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय आपल्याकडे रेंजवर शाळकरी मुले आहेत. लहान मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते आणि लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. महाराष्ट्राच्या नेमबाजीचा मान ज्या मुलींनी वाढवला, त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या मुलींचे शरीर शिशासाठी अधिक उघडे आहे, असा याचा सरळ अर्थ होतो. हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते. आजवर कुणी आजारी पडल्याचे ऐकलेले नाही, हे उत्तर मला पटत नाही. शिशाचा परिणाम ताप-खोकल्यासारखा दिसत नाही. लक्ष न लागणे, थकवा, अभ्यासात मागे पडणे अशा रूपात तो येतो आणि त्याचे खापर मुलाच्या आळसावर फुटते. रक्त तपासल्याशिवाय तो कळत नाही, आणि ते तपासायला आपल्याकडे कुणी सांगत नाही.

मग शिशाच्या गोळ्यांवर बंदीच घालावी का? माझे उत्तर आज तरी नाही असे आहे. डेन्मार्कने १९९६मध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवर आणि २०२४मध्ये शिकारीच्या शिसेयुक्त गोळ्यांवर बंदी आणली. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे चालत नाहीत. पण तो मुख्यतः शिकारीचा आणि पाणपक्ष्यांचा प्रश्न आहे. रायफल-पिस्तुलाच्या रेंजवर मऊ गोळी लागते याला सुरक्षेचे कारण आहे: कठीण धातूची गोळी पोलादावरून उसळून परत येऊ शकते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम रायफल आणि पिस्तुलासाठी शिशाच्या किंवा तशाच मऊ पदार्थाच्या गोळ्या सांगतात. कथिलाचे पेलेट मिळतात, पण ते हलके असतात. दहा मीटरवरच्या रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो; तिथे अव्वल खेळाडूवर दुसरा पेलेट लादणे म्हणजे त्याला स्पर्धेबाहेर काढणे होय. नवशिक्या मुलांच्या पहिल्या काही महिन्यांसाठी मात्र कथिलाचा विचार संघटनांनी मोकळेपणाने करावा, कारण त्या टप्प्यावर दशांश गुणाला फारसे महत्त्व नसते.

खर्चाचा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. जिल्ह्याच्या गावी पदरमोड करून रेंज चालवणाऱ्या प्रशिक्षकावर नवे ओझे टाकले तर तो रेंजच बंद करेल, ही भीती खोटी नाही. पण बहुतेक उपायांना पैसे लागतच नाहीत. कोरडा झाडू बंद करून ओल्या फडक्याने पुसणे, रेंजवर खाणे-पिणे थांबवणे, बाहेर पडताना साबणाने हात-तोंड धुणे, रेंजचे बूट आणि जाकीट घरात न नेणे, पेलेट ओठांत न धरणे, सफाई करणाऱ्याला मास्क आणि हातमोजे देणे: यासाठी शिस्त लागते, अनुदान लागत नाही. हवेचा झोत नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे आणि तिथून बाहेर जावा, एवढी एक्झॉस्ट पंख्यांची मांडणी बहुतेक खोल्यांत करता येते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २००९मध्ये बंदिस्त रेंजसाठी दिलेल्या इशाऱ्याचा गाभाही हवेची योग्य दिशा आणि कोरडी झाडझूड टाळणे हाच आहे. पॉइंट टू टूच्या बंद रेंजला पुरेशी वायुवीजन-यंत्रणा आणि सूक्ष्म कण पकडणारा व्हॅक्यूम लागेल. तो खर्च मोठा आहे आणि तो क्रीडा खात्याने उचलावा. सापळ्यात साठलेले शिसे भंगारात विकले जाते. ते कुणी, कोणत्या हातांनी गोळा केले आणि कुठे वितळवले याची नोंद मात्र हवी, नाहीतर रेंजवरचा धोका भट्टीवरच्या मजुराच्या घरी जाईल.

नियम करणे आपल्याला अवघड जाते असे नाही. २००० साली देशाने पेट्रोलमधले शिसे काढले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. बॅटऱ्यांच्या शिशासाठी वेगळे नियम आहेत. कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत कामाच्या जागी हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम ठरवली गेली आणि शिशाची विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. ही मर्यादाही अमेरिकेच्या मर्यादेच्या तिप्पट सैल आहे, तरी ती निदान आहे. क्लबच्या हॉलमधली रेंज कारखान्यात मोडत नाही, म्हणून तिथे तीसुद्धा नाही. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक नेमबाजाला कान आणि डोळे जपायला सांगते, एअर रायफलच्या सिलिंडरची मुदत संपलेली नसावी असे बजावते. श्वास आणि रक्त हीसुद्धा त्याच शरीराची अंगे आहेत.

सुरुवात नेमबाजीच्या राज्य संघटनेने करावी. रेंजला मान्यता देताना गोळी भिंतीबाहेर जाणार नाही याची आणि शस्त्रे कुलूपबंद असल्याची खातरजमा जशी महत्त्वाची, तशीच हवा कुठून कुठे जाते, सफाई कशी होते आणि हात धुण्याची सोय कुठे आहे, ही पाहणीही मान्यतेची अट व्हावी. प्रशिक्षक आणि सफाई कर्मचारी यांची वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी संघटनेच्या खर्चाने व्हावी. नियमित सराव करणाऱ्या अठरा वर्षांखालील खेळाडूंची तपासणी वार्षिक नोंदणीला जोडावी, मात्र तिचा निकाल निवडीसाठी वापरला जाऊ नये. पालकांनीही अधिनियमाची वाट पाहू नये. मुलाचे नाव घालताना शुल्क आणि वेळ विचारतो तसे संध्याकाळी केर कशाने काढता, हेही विचारावे, आणि उत्तर कोरडा झाडू असे आले तर तो बदलेपर्यंत मुलाला तिथे पाठवू नये.