येणे बाकी

बँकेत असताना कर्ज मागायला आलेला माणूस समोर बसला की पहिल्या पाच मिनिटांत मी चार गोष्टी विचारत असे. पैसे कशाला हवेत, किती हवेत, फेडणार कसे आणि जामीन कोण. हे विचारताना मला कधी संकोच वाटला नाही. माणूस वडीलधारा असो की गावातला बडा असामी, कागदांवर सह्या झाल्याशिवाय त्याच्या खात्यात रुपया पडत नसे. 2001 साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी पूर्णवेळ लिहू लागलो आणि हाच मी, लेखनाचे काम घेऊन आलेल्या माणसासमोर ‘मानधनाचं काय?’ एवढे विचारताना आवंढा गिळू लागलो.

मराठीत कादंबरीवर घर चालत नाही, हे नव्याने सांगायला नको. म्हणून मी मिळतील ती कामे घेतली. पतसंस्थांच्या स्मरणिका, शाळांचे शताब्दी ग्रंथ आणि सर्वांत जास्त म्हणजे आत्मचरित्रांचे शब्दांकन. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा जवळ आला की घरातल्यांना पुस्तकाची आठवण होते.

2009 साली असेच एक गृहस्थ आले. पश्चिम महाराष्ट्रात त्यांचा ओतकामाचा कारखाना होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. चाळीस हजार रुपये तोंडी ठरले. दहा हजार त्यांनी तिथल्या तिथे दिले. बाकीचे कधी, असे मी विचारणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, ‘साहेब, पैशाची काळजी करू नका. तुम्ही आता घरचेच.’ बँकेत कोणी ‘घरचाच माणूस आहे, कागद नंतर करू’ म्हणाला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. इथे मी हसून मान डोलावली.

अकरा बैठका झाल्या, अकरा कॅसेटी भरल्या. सातव्या बैठकीत अण्णांनी पहिल्या भट्टीची गोष्ट सांगितली. पैसे कमी पडत होते. धाकट्या भावाने बायकोच्या हातातल्या चार बांगड्या आणून दिल्या. लग्नाला वर्षही झाले नव्हते. हे सांगून अण्णा बराच वेळ गप्प बसले. टेप फिरत राहिली. त्या शांततेत मागच्या कारखान्यातला हातोड्याचा आवाज नोंदला गेला आहे.

मग खर्डा घरात फिरला. मुलाने वाचला, सुनेने वाचला, पुण्याच्या जावयाने वाचला. एकाला संघर्ष वाढवून हवा होता. दुसऱ्याला गरिबी कमी करून हवी होती, कारण नातीचे लग्न ठरत होते. संघर्ष वाढवून गरिबी कमी कशी करायची, हे कसब मी त्या महिन्यात शिकलो. चौथ्या खर्ड्याच्या वेळी मुलगा म्हणाला, ‘काकांचं सगळं काढा. वाटणीचा दावा कोर्टात आहे.’ मी अण्णांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘पोरगं म्हणतंय तसं करा.’

मी केले. अडीच पाने होती.

समारंभाला तो धाकटा भाऊ आला होता. दावा चालू असूनही आला होता. व्यासपीठावर नाही, पाचव्या रांगेत. पुस्तक हातात पडल्यावर त्याने ते सावकाश चाळले आणि बायकोकडे दिले. तिने चष्मा काढून डोळ्यांवर ठेवला आणि पहिल्या पानापासून पुन्हा बघायला सुरुवात केली. काय शोधत होती, ते त्या सभागृहात बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होते.

उरलेले तीस हजार आले नाहीत. मीही मागितले नाहीत. पैशाचा दावा साधारणतः तीन वर्षांत मुदतबाह्य होतो, हे मला सांगायला वकील नको. मुदत संपण्याआधी कर्जदाराच्या घरी जाऊन ‘बाकी मान्य’ अशी सही आणण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण 2012 साल आले आणि गेले, मी साधे पोस्टकार्डही टाकले नाही. मागायला तोंडच नव्हते.

लेखकांच्या बैठकीत ‘पार्ट्या’ किती वाईट असतात यावर तासन्‌तास बोलले जाते. मी त्यात आता सामील होत नाही. ज्याने आयुष्यात कधी पुस्तक करून घेतलेले नाही, त्याला काय हवे ते ठाऊक नसणारच. ते विचारणे आपले काम, आणि आपण ते टाळतो. वायरमन दारातच भेटीचे पैसे सांगतो, त्याचा आपल्याला राग येत नाही. आपल्याला मात्र पैशाचे बोललो तर सरस्वती विटाळेल असे वाटते. 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीचेच हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या किती जणांनी असा कागद केला आहे?

आता माझा अर्ध्या पानाचा कागद असतो. निम्मी रक्कम आधी. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीचे वेगळे पैसे. घरातल्या एकाच माणसाने दुरुस्त्या सांगायच्या. आणि चौथे कलम असे की, ज्याच्या मदतीवर घर किंवा संस्था उभी राहिली, त्याचे नाव मी पूर्ण पुसणार नाही. तसे हवे असल्यास तोवरचे पैसे चुकते करून दुसरा लेखक पाहावा. या कलमापायी दोन कामे गेली. पेन्शन असलेल्याला असले कलम परवडते, हे मला कळते. लेखनावरच भाडे भरणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला मी ते घालायला सांगणार नाही. पण निम्मे पैसे घेतल्याशिवाय त्याने टोपण उघडू नये.

गेल्या वर्षी अण्णांच्या मुलाचा फोन आला. अण्णा गेले होते. ‘सर, त्या कॅसेटी आहेत का? त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. किती द्यायचे?’

मी म्हटले, ‘तीस हजार येणे आहे. कॅसेटींचे काही नाही.’

तो क्षणभर थांबला. हिशेब त्यालाही आठवला असावा. दुसऱ्या दिवशी पैसे आले आणि मी अकराच्या अकरा कॅसेटी खोक्यात भरून पाठवल्या. सातवीवर जुनी चिठ्ठी तशीच होती, माझ्याच अक्षरातली: ‘भट्टी, बांगड्या.’ ती काढली नाही.