अंगणातले मुष्टियुद्ध : आधी पाय, मग मूठ



कांदा, ऊस, गहू यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय पिकाचा नाही, घरातल्या तरुण पोरांचा आहे. मोबाईलवर मुष्टियुद्ध, म्हणजे बॉक्सिंग, पाहून मुलेमुली अंगणात ठोसे मारू लागली आहेत. खताच्या रिकाम्या गोणीत वाळू भरायची, गोठ्याच्या आढ्याला टांगायची आणि उघड्या हाताने बडवायची, असा प्रकार चालतो. आईला वाटते, पोरगे भांडखोर होईल. वडिलांना वाटते, वेळ वाया चालला. माझे सांगणे असे की, सराव बंद करू नका. तो नीट करायला लावा.

आपला भाग कुस्तीचा. जत्रेतला हगामा सर्वांना ठाऊक आहे, पण मुष्टियुद्धही शेतकऱ्याच्या घराला परके नाही. मणिपूरची मेरी कोम शेतात राबणाऱ्या कुटुंबातली. ती सहा वेळा जगज्जेती झाली आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. तरीही 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ठोसा मारता येणे ही या खेळातली लहान गोष्ट. शिस्त आणि दम ही मोठी.

आता सरावाकडे वळू.

उभे राहणे : उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे, उजवा मागे ठेवावा. दोन्ही पायांत ज्वारीच्या दोन ओळींइतके, म्हणजे सुमारे दीड फूट अंतर असावे. गुडघे किंचित वाकलेले, मागची टाच थोडी उचललेली, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालापाशी. पुढे जाताना आधी पुढचा पाय, मागे येताना आधी मागचा. पायात पाय कधीही अडकवू नये. पहिला आठवडा एवढेच करावे.

ठोसे : अंगठा मुठीच्या आत दाबू नये, तो बाहेरून बोटांवर ठेवावा. मनगट सरळ हवे. पुढच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे जॅब, याला 'एक' म्हणतात. मागच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे क्रॉस, तो 'दोन'. पुढच्या हाताचा, कोपर वाकवून बाजूने येणारा हुक, तो 'तीन'. कुऱ्हाड चालवताना जोर नुसत्या दंडात नसतो, तो पायातून कमरेत आणि कमरेतून हातात येतो. येथेही तसेच आहे. आधी 'एक-दोन', मग 'एक-एक-दोन' आणि ते बसल्यावर 'एक-दोन-तीन' अशा जोड्या घ्याव्यात. प्रत्येक ठोशानंतर हात त्याच वाटेने गालापाशी परत आला पाहिजे. वेग नंतर आपोआप येतो.

बचाव : हा भाग पोरे टाळतात आणि खरा खेळ येथेच आहे. दोन खांबांना खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधा. गुडघे वाकवून तिच्याखालून या बाजूने त्या बाजूला जा. कमरेत वाकू नये, नजर समोर ठेवावी. दुसरे साधन म्हणजे चिंध्यांचा गोळा. तो सुतळीने नाकाच्या उंचीवर टांगून झुलवा आणि डोके वीतभरच बाजूला घेऊन चुकवा. चुकवल्यावर लगेच 'एक-दोन' मारून एक पाऊल मागे सरका.

खेळात तीन मिनिटांची एक फेरी आणि मध्ये एक मिनिट विसावा असतो. नवख्याने दोन मिनिटांच्या चार फेऱ्या घ्याव्यात : एक पायांची, एक ठोशांची, एक बचावाची, एक सगळ्याची मिळून. आधी दहा मिनिटे दोरीवरच्या उड्या माराव्यात. दिवसभर मोळ्या वाहिल्या असतील त्या दिवशी विश्रांतीच बरी. सारवलेले अंगण ओले असताना सराव करू नये, पाय घसरतो.

गोणीबद्दल महत्त्वाचे. वाळू खाली बसून दगडासारखी होते आणि मनगट, बोटे दुखावते. चिंध्या, जुनी गोधडी, कपडे भरावेत. कीटकनाशकाची पोती किंवा पिशव्या तर कदापि वापरू नयेत. खताची गोणीही स्वच्छ धुऊनच घ्यावी. जुन्या धोतराची दोन इंच रुंद, चार-साडेचार मीटर लांब पट्टी हाताला गुंडाळावी. गोणीवर मारायचे तर हातमोजे हवेतच. ते नसतील तर हवेत मारावे. शिकायला तेही पुरते. गोणी जनावरांपासून दूर टांगावी.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. भावाभावांनी, मित्रामित्रांनी गंमत म्हणूनही एकमेकांच्या डोक्यावर ठोसे मारू नयेत. मेंदूला बसलेला मार वरून दिसत नाही. मार लागल्यावर डोके दुखणे, गरगरणे, उलटी, विसरल्यासारखे होणे यांपैकी काहीही दिसले तर खेळ तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या. 'झोपला की बरा होईल' म्हणून वाट पाहू नका. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. समोरासमोरचा खेळ फक्त जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि पूर्ण साधनांनिशीच व्हावा. शालेय क्रीडा स्पर्धांत हा खेळ आहे, म्हणून शाळेतील क्रीडाशिक्षकांकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

मुलींनाही अवश्य करू द्या. सायकलवर शाळेला जाणाऱ्या लेकीच्या पायांत चपळाई आणि मनात धीर आला तर बापाचीच काळजी कमी होते. मात्र तिलाही आणि मुलालाही सांगा की, संकटात पहिला डाव म्हणजे बाजूला होणे आणि निघून जाणे.

पुणतांब्याला लढाई शिकवावी लागत नाही. येथल्या ग्रामसभेतून निघालेला शेतकरी संप 1 जून 2017 रोजी सुरू झाला, तेव्हा साऱ्या राज्याने ते पाहिले. ती लढाई मुठींनी नव्हे, एकजुटीने झाली. अंगणात आवळलेली मूठ गावात कोणावर उगारली जाणार नाही, ही अट घाला आणि मगच पोरांना सुतळी आणि गोधडी काढून द्या.